पोटाचंच आहे

अक्कानं वरण वाढलं ते ताटाच्या बाहेर. टेबलावरून पिवळा ओघळ थेट पोराच्या मांडीवर गेला आणि तो ओरडत उठला. लाइट गेलेली होती. दोन मेणबत्त्या आणि भिंतीला टांगलेला एक चार्जिंगचा दिवा, एवढ्याच उजेडात आमची मेस जेवत होती.

"मावशी, दिसंना काय?" पँट झटकत तो म्हणाला.

"आंधार हाय की रे बाबा. तूच ताट सरकवलंस," अक्का म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे गेली.

त्यानं ताट सरकवलं नव्हतं. मी मागून भाकरी वाढत होते, मला दिसत होतं. पण तेव्हा त्यावर विचार करायला सवड कुणाला होती? लातूरला त्या उन्हाळ्यात दिवस मावळला की हमखास लाइट जायची. पोरांची मेडिकलची प्रवेशपरीक्षा पुढच्या आठवड्यावर आली होती. पोरं जेवताना पुस्तकं घेऊन बसायची, एकमेकांवर खेकसायची, अर्धं ताट टाकून उठायची. आणि आम्ही दोघी पहाटेपासून उभ्या. मी सत्यभामा आणि माझी थोरली बहीण प्रयाग, जिला मी आणि मेसमधली निम्मी पोरं अक्काच म्हणायची. दोघींचेही नवरे गेलेले. माझी एकुलती लेक लग्न होऊन सोलापूरला. अक्काला मूलबाळ नाही. सूतगिरणी बंद पडून माझे मालक खचले आणि गेले, तेव्हा अक्काच औशाहून एक पत्र्याची पेटी घेऊन आली आणि म्हणाली, "सत्ते, आपल्याला दुसरं काय येतंय? रांधता येतंय. रांधू." तेव्हापासून ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत आमची मेस.

शेवटची पंगत उठायच्या आत अक्कानं वरणाची बादली खाली ठेवली आणि ती भिंतीला टेकली. उजव्या हातानं कपाळ गच्च धरलं होतं.

"काय होतंय?"

"काय न्हाई. मळमळायलंय."

बोलता बोलताच ती मोरीकडे धावली. सगळं पडलं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. सकाळपासून पोटात होतंच काय? दोन कप चहा, बस. शेवटी नुसतं पाणी आणि पित्त पडायला लागलं.

"पोटाचंच आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "गोळी दे माझी."

अक्काचं पोट हा आमच्या घरातला जुना विषय. वर्षाआधी तिला अचानक कळा यायला लागल्या. बेंबीखाली पिळा पडल्यासारखं व्हायचं, मग धावत संडासला जायचं, मग दोन दिवस काहीच नाही, पोट नगाऱ्यासारखं. आमचे नेहमीचे डॉक्टर हिरेमठ मोठे सबुरीचे गृहस्थ. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करून घेतली, आणि सगळं हातात आल्यावर तिला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, आतड्यात गाठ नाही, जखम नाही. आतडी चिडकी झालीत तुमची. काही माणसं नसतात का, जरा कुणी बोललं की भडकतात? तशी. वेळेवर न जेवणं, काळजी, जागरण, एवढं त्यांना पुरतं." मग गोळी लिहून दिली. कळ आली तर घ्यायची, दिवसातून तीनच्या वर नाही, पंधरा दिवस. गोळीनं आतड्याचा पीळ सुटतो, पण तोंड कोरडं पडेल, उन्हात जपा, चक्कर वाटली तर बसा. "आणि डोळ्यांचा काही त्रास? काचबिंदू वगैरे?" असंही विचारलं होतं. अक्का म्हणाली, न्हाई. तेव्हा तिला खरंच काही नव्हतं, किंवा असलं तरी माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी दाखवायला या, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

ती गेलीच नाही. गोळीनं गुण आला होता. कळ आली की गोळी घ्यायची, अर्ध्या तासात माणूस उभं. मग कळ येईल असं वाटलं की गोळी, मग गर्दीचा दिवस असला की सकाळीच एक. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळायचं. मिसळणाच्या डब्यात हळद-मोहरीच्या वाट्यांवर ते पाकीट आडवं पडलेलं असायचं. तिचं तोंड सदा कोरडं. बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची, म्हणून ती गालात वेलदोडा धरून असायची. आम्हाला वाटायचं, वय झालं.

त्या संध्याकाळी मी गोळी दिली. ती तीही ओकली. तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. उरलेली पोरं आपल्या हातानं वाढून घ्या म्हटलं आणि तिला रिक्षात घातलं.

हिरेमठांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, निम्मं गाव जुलाब-उलट्यांनी आलेलं. इन्व्हर्टरवर एकच दिवा मिणमिणत होता. अक्का बाकावर पदराचा बोळा उजव्या डोळ्यावर दाबून बसली होती.

"डोळ्याला काय झालं?" मी विचारलं.

"मिरचीचा हात लागला. तू गप बस."

आत गेल्यावर डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला. तो बराच वाढलेला होता. त्यांचेही डोळे झोपेनं लाल झाले होते.

"कुठं दुखतंय, बाई? नीट सांगा."

"पोटाचंच आहे, डॉक्टर. नेहमीचं."

"डोकं?"

"उलट्यांनी दुखणारच की."

"आणि हा डोळा का झाकलाय?"

"मिरची."

त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. बाहेर एक लेकरू जिवाच्या आकांतानं रडत होतं आणि त्याची आई दार ढकलून आत यायच्या बेतात होती. डॉक्टरांनी मान हलवली, उलटी थांबायचं एक इंजेक्शन दिलं आणि कळेचं एक. "रात्रीत कमी नाही झालं तर सकाळी पहिल्या नंबरला या," म्हणाले.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजली. मी भांडी घासायला बसले. तिच्या कण्हण्याचा आवाज येत होता, पण अक्का कण्हते म्हणजे झोप लागली, असाच माझा इतक्या वर्षांचा अनुभव. माझीही कंबर मोडून आली होती. मी कधी आडवी झाले ते मला कळलं नाही.

सकाळी उठले तर अक्का आधीच ओट्याशी. नाश्त्याचे पोहे भिजवून झाले होते. तिनं कढईत तेल घातलं, मोहरी घातली आणि हळद म्हणून तिखटाची वाटी उचलून चमचाभर तेलात सोडली. ठसका उठला. मी खोकत खोकत गॅस बंद केला आणि तिला खांद्याला धरून दारात उजेडात आणलं.

तिचा उजवा डोळा लाल भडक होता. पण मी घाबरले ते लालीनं नाही. डोळ्याचं बुबुळ धुरकटलं होतं, गरम पाण्याच्या वाफेनं आरसा धुरकटतो तसं. त्यातली बाहुली मोठी होऊन तशीच राहिली होती. तोंडावर ऊन पडलं तरी ती लहान होईना.

"हे मिरचीनं झालंय?"

तिनं पदर पुन्हा डोळ्यावर ओढला.

"अक्का, डावा डोळा मिट."

"कशाला? पोरं येतील आता."

"मिट म्हणते ना."

तिनं डावा डोळा मिटला. मी आवाज न करता दोन पावलं बाजूला झाले.

"मी कुठाय?"

तिनं मान जरा इकडे, जरा तिकडे केली. बराच वेळ गेला.

"बोल की काहीतरी," ती हळूच म्हणाली. "बोललीस की सांगते, कुठं हायस."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. तीही माझ्याशेजारी बसली. गल्लीत दूधवाल्याची सायकल गेली. दोन पोरं नाश्त्याला आली आणि आम्हाला तशा बसलेल्या बघून दारातच थबकली. मी त्यांना हातानंच परत जा म्हटलं.

"कधीपासून?"

"असं काल सांजेपासून. बाई गं, काय दुखलंय म्हणतीस... कपाळात कुणी पहार घातल्यावाणी."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी म्हणजे..." तिनं पदरानं नाक पुसलं. "दिवाळीपासून असंल. सांज झाली की दिव्याभोवती कडी दिसायची. लाल, निळी. आधी मला बरं वाटायचं बघ. म्हटलं वाफंनं दिसायलंय. मग डोकं दुखायचं, थोडं धुरकट व्हायचं. निजलं की सकाळी साफ."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"काय बोलू? डोळ्याचं म्हटलं की तू चूल बंद केली असतीस. मला बसवून ठेवलं असतंस. एकटीला झेपलं असतं का तुला? आणि एवढी लेकरं, परीक्षेच्या तोंडावर कुठं गेली असती जेवायला?" ती थांबली. "पोट दुखतंय म्हटलं की माणूस काम करत ऱ्हातंय सत्ते. पोट सगळ्यांचंच दुखतंय. डोळा गेला म्हटलं की संपलं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायला अंगात जोर लागतो. मी उठले, मेसच्या दाराला कुलूप लावलं आणि कुणाला काही न सांगता तिला घेऊन निघाले.

हिरेमठ डॉक्टर नुकतेच येऊन देव्हाऱ्याला उदबत्ती लावत होते. त्यांनी अक्काला खिडकीपाशी नेलं, पदर बाजूला केला, खिशातली छोटी बॅटरी एका डोळ्यावर मारली, मग दुसऱ्या. मग पापणी मिटवून वरून बोटानं हलकेच दाबून पाहिलं, आधी डावी, मग उजवी. त्यांच्या हातातली उदबत्ती तशीच जळत होती.

"हा दगड झालाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग अक्काला म्हणाले, "बाई, काल मी ही बॅटरी मारायला हवी होती."

"मीच मिरची म्हणाले, डॉक्टर."

"तुम्ही म्हणालात. पण मी मारायला हवी होती." त्यांनी फोन उचलला. समोरून कुणी उचलेपर्यंत त्यांनी मला विचारलं, "ती पोटाची गोळी अजून चालू आहे?"

"हो."

"किती?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्कानं खाली पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर काझी मॅडम चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. अक्काला यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवली, निळा उजेड डोळ्याजवळ आला. पुढे सगळं इतकं झटपट झालं की मला क्रम आठवत नाही. थेंब, आणखी थेंब, गिळायची गोळी, हाताला सलाइन. नर्स सारखी येऊन डोळा बघून जायची. मी कॉटच्या कडेला बसून राहिले. दुपारपर्यंत अक्काच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या आणि ती म्हणाली, "पहार निघाली." मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी मॅडमनी खुर्ची ओढून आमच्यापुढे बसत विचारलं, "पोटाच्या गोळीचं पाकीट आणलंय?"

मी पाकीट दिलं. त्यांनी नाव वाचलं आणि ते मांडीवर ठेवलं.

"हे औषध वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हजारो लोक घेतात, बरं वाटतं त्यांना. पण ते नुसतं आतड्यापुरतं राहत नाही. आतड्याचा पीळ सोडवतं, तसंच तोंडातली लाळ आटवतं, लघवी अडवू शकतं, आणि डोळ्याची बाहुली मोठी करतं. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. तुमच्या डोळ्याची ठेवण जन्मापासून जरा अडचणीची आहे. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका कोपऱ्यातून निचरून जातं. तुमची ती निचऱ्याची वाट फार अरुंद. बाहुली मोठी झाली की बाजूचा पडदा गोळा होतो आणि त्या वाटेवर जाऊन बसतो. मोरीच्या तोंडाशी फडकं बसावं तसं. पाणी आत तुंबतं, डोळ्यातला दाब वाढतो."

"आणि ती कडी?" मी विचारलं.

"तीच खूण. दिवे गेले, अंधार झाला की बाहुली आपोआप मोठी होते. त्यात गोळी. संध्याकाळी अडायचं, झोपलं की मोकळं व्हायचं. असं महिनोन्महिने चाललं असणार. काल मोकळं झालंच नाही. डोळ्यात इतका दाब आला की उलट्या होतात, माणसाला वाटतं पोटच बिघडलं. मग तो पोटाचंच औषध आणखी घेतो."

अक्का ऐकत होती. तिच्या डोळ्यावर पांढरा बोळा होता.

"उजवा येईल का?" तिनं सरळ विचारलं.

मॅडमनी मांडीवरचं पाकीट बाजूला ठेवलं. "दाब उतरलाय. दुखणार नाही आता. पण डोळ्यामागची नस दाबानं बरीच मेलीय. उजेड कळेल, सावली कळेल. त्याहून फार मी सांगू शकत नाही."

खोलीतला पंखा घरघरत होता. मी अक्काचा पाय धरला. तिनं तो काढून घेतला नाही की हलवला नाही.

"डावा?"

"डावा शाबूत आहे. पण वाट त्याचीही तशीच अरुंद. उद्या-परवा दोन्ही डोळ्यांना लेसरनं बारीक छिद्र पाडते, म्हणजे पाण्याला दुसरी वाट होईल. मग असं तुंबणार नाही."

"भाकरी थापायला एक पुरे," अक्का म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. त्या उठायला लागल्या तेव्हा अक्कानं हात पुढे करून त्यांच्या कोटाची बाही धरली.

"बाई, जन्मापासून म्हणालात ना? ठेवण?"

"हो."

"मग हिचे बघा."

"कुणाचे?"

"ही माझी पाठची बहीण. एका आईच्या आहोत. नाक बघा, कपाळ बघा, सगळं एकच हाय. डोळेबी एकच आसतील."

"अक्का, काहीतरीच काय," मी म्हणाले. "मला काही होत नाही. मला पोटाचं नाही, गोळी नाही, कडी नाहीत. उद्या सकाळी पोरं येणार, पीठ नाही दळून आणलेलं..."

तिनं बाही सोडून माझं मनगट धरलं. सलाइन लावलेला हात होता, सुई हलली आणि नळीत रक्त आलं. नर्स ओरडली. अक्कानं सोडलं नाही.

"बस त्या खुर्चीवर," ती म्हणाली. लहानपणी नदीवर मी खोल पाण्याकडे गेले की याच आवाजात हाक मारायची.

मी बसले. हनुवटी टेकवली. डोळ्यात थेंब घालून मॅडमनी एक आरशासारखी काच डोळ्याला लावली. गार वाटलं. "हलू नका." दुसऱ्या डोळ्याला लावली. मग काच काढून त्या मागे सरकल्या आणि माझ्याकडे न बघता अक्काकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही बरोबर बोललात."

"म्हणजे?"

"वाट यांचीही तेवढीच अरुंद. कधी अडेल सांगता येत नाही. पोटाची गोळी, सर्दीची गोळी, नुसता अंधारसुद्धा पुरतो. यांनाही लेसर करून घेऊ."

मी रडायला लागले. अक्काचा डोळा गेला हे कळल्यावर मी रडले नव्हते. कॉटवर ती डोळा झाकून पडली होती, आणि मला मात्र वेळ होता, दोन्ही डोळ्यांसाठी वेळ होता. मला ते सहन होईना.

"रडू नको," अक्का म्हणाली. "डोळ्यात थेंब घातलेत, वाया जातील."

मेस चार दिवस बंद राहिली. पोरं शेजारच्या मेसमध्ये जेवली. कुणी उपाशी राहिलं नाही, कुणाची परीक्षा बुडाली नाही. ज्याच्या मांडीवर वरण सांडलं होतं तो मात्र पेपरच्या आदल्या दिवशी दवाखान्यात येऊन अक्काच्या पाया पडून गेला.

अक्का घरी आल्यावर हिरेमठ डॉक्टर एकदा स्वतः येऊन बसले. म्हणाले, आता लेसर झालंय, तरीही पोटाचं, सर्दीचं, झोपेचं, कसलंही औषध मला किंवा काझी मॅडमना विचारल्याशिवाय नाही. मेडिकलमध्ये जाऊन पाकीट दाखवायचं नाही. पोटाचं पोटासारखं बघू. त्यांनी तिला काय खाल्लं की कळ येते ते बारकाईनं विचारलं. कच्चा कांदा, शिळी उसळ, आणि दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी एकदम पोटभर. "रोज चार वेळा थोडं थोडं, बसून," ते म्हणाले. "इसबगोल पाण्यातून, आधी थोडं, मग वाढवत. आणि परसाकडे रक्त दिसलं, वजन उतरलं, की गोळी शोधायची नाही, मला शोधायचं." कळा एकदम गेल्या नाहीत. परीक्षेचा हंगाम आला की पोट आपलं म्हणणं मांडायचंच. कळ आली की ती गरम पाण्याची पिशवी घेऊन पडायची, आणि मी एकटी वाढायचे. झेपायचं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच झेपायचं.

आम्ही त्यानंतर पाच वर्षं मेस चालवली. उजव्या बाजूनं कुणी आलं की अक्का दचकायची. पोरांना मी आधीच सांगून ठेवायचे, डावीकडून या. येत्या आषाढात तिला जाऊन वर्ष होईल. ती गेल्यावर नातेवाईक घरी बसायला आले होते तेव्हा कुणीतरी म्हणालं, शेवटपर्यंत स्वतःचं स्वतः केलं बाईनं. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार होते?

माझं लेसर तिच्या लेसरच्या दुसऱ्याच दिवशी झालं होतं. बाहुली बारीक करायचे थेंब घातले की भुवई ठणकते आणि भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं दिसतं. मग यंत्रापुढे बसायचं, डोळ्याला भिंग, टक् टक् असा आवाज आणि बारीक सुया टोचल्यासारखं. फार वेळ लागला नाही. मॅडमनी दाब तपासला, म्हणाल्या, जा आता, दोन-चार तास अंधुक दिसेल, बरोबर कुणी आहे ना?

"मी हाय," बाहेरच्या बाकावरून अक्का म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या उजव्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती.

दवाखान्याबाहेर लख्ख ऊन असणार. मला सगळं करडं दिसत होतं, राख उडाल्यासारखं. रिक्षांचे आवाज येत होते, माणसांचे आकार येऊन आदळायचे आणि निघून जायचे. जिना कुठं संपतो आणि रस्ता कुठं लागतो ते मला उमगेना. मी दारातच उभी राहिले.

अक्का माझ्या उजव्या अंगाला आली, म्हणजे तिचा चांगला डोळा माझ्याकडे आणि पायऱ्यांकडे राहील. माझा हात तिनं आपल्या काखेत घट्ट धरला. तिच्या अंगाला मेसचा वास नव्हता, दवाखान्याच्या साबणाचा होता.

"घाई करू नको," ती म्हणाली. "पायरी हाय. मी सांगते तवाच पाऊल टाक."

मी थांबले. आणि तिनं सांगितलं तेव्हा टाकलं.